कोल्ट्रेनचा 'बॅलड्स': डोक्यावर घेण्याइतकं त्यात आहे काय?

रात्रपाळी: जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'बॅलड्स' (1963) हा अल्बम पुढे केला जातो. मला हे पटत नाही. आठ बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीतं, जेमतेम अर्धा तास, कुठे खरचटणार म्हणून नाही. 1961 च्या नोव्हेंबरात 'डाउनबीट' मासिकाने त्याच्या वादनावर 'अँटी-जॅझ' असा शिक्का मारला आणि महिन्याभरात यातलं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. टीकाकारांची तोंडं बंद करायला काढलेला अल्बम आहे हा.

मंद्रसप्तक: असहमत. ताना नाहीत म्हणून तयारी नाही, असं कधीपासून ठरलं? यातलं 'से इट' ऐका. चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवलीय, लांब सूर अजिबात न हलवता धरलाय. दुसरा सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर अशा जागी सुराच्या शेवटी नुसता श्वास सोडतो, आपण विरघळतो. कोल्ट्रेनला ही पळवाटही नको आहे. आणि एरवी ड्रम्सवर गडगडाट करणारा एल्विन जोन्स इथे काठ्यांऐवजी मऊ ब्रश घेऊन बसलाय, तेही ऐका की जरा!

बी_साइड: थोडं अवांतर. त्या काळात कोल्ट्रेनचा माऊथपीस (सॅक्सोफोनचा तोंडात धरायचा भाग) बिघडला होता, द्रुत वाजवायला त्रास होत होता, असं त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे एवढं तत्त्वज्ञान लावायची गरज नसावी. 😄

मंद्रसप्तक: @बी_साइड, असेल. पण मग याच अल्बममधला मॅकॉय टायनरचा पियानो इतका मोजका का? त्याचा काही माऊथपीस बिघडला नव्हता.

रात्रपाळी: ब्रशचं मान्य. तरी हाच माणूस 1963 मध्ये बर्डलँड क्लबमध्ये 'आय वाँट टू टॉक अबाउट यू' वाजवतो तेव्हा शेवटी बाकीचे थांबतात आणि हा एकटाच कितीतरी वेळ वाजवत राहतो. बॅलडच आहे तीही. धोका पत्करलाय तिथे. इथे नाही.

जुनी_तबकडी: नवख्याला द्यायचाच तर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा 'गो' द्या. 1962 चा, 'बॅलड्स'सारखाच ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओतला. डेक्स्टर बॅलड वाजवण्याआधी गाण्याचे शब्द म्हणून दाखवायचा, आणि वाजवतानाही ते शब्द ऐकू येतात. कोल्ट्रेन मला जरा कोरडाच वाटतो.

मंद्रसप्तक: कोरडा?! 'बॅलड्स'मधलं 'नॅन्सी' हेडफोन लावून ऐका, मग बोलू.

जुनी_तबकडी: ऐकूनच लिहिलंय हो.