जेड प्लांटची पानं मे महिन्यात टपाटपा गळताय, काय करू?

गॅलरीतली_बाग (जळगाव):
नमस्कार मंडळी, जेडबद्दल विचारायचंय. नर्सरीतून आणलं तेव्हा टवटवीत होतं, थंडीत तर असं भरलं की बघतच रहावं, आणि मे लागला तशी पानं गळायला लागली. आमची गॅलरी पश्चिमेकडे, दुपारी तिथे पाय ठेववत नाही, म्हणून कुंडी हॉलमध्ये कुलरजवळ आणून ठेवली की तिलाही गारवा मिळेल. पाणी एक दिवसाआड देते. माती वावरातली काळी, सासऱ्यांनी कपाशीच्या शेतातून आणून दिलेली, त्यात शेणखत टाकलंय. गळालेली पानं पिवळी असतात आणि दाबली की पिचकतात. सगळे म्हणतात ह्या झाडाला काही करावं लागत नाही, मग हे असं का होतंय? मला ते वाचवायचंच आहे, प्लीज सांगा.

तापीकाठ (भुसावळ):
ताई आधी पाणी बंद करा. तहानलेलं जेड असतं ना त्याचं पान सुरकुततं, पातळ पडतं. पिवळं होऊन पिचकतंय म्हणजे पाणी जास्त झालंय. आणि कुलरपासून लांब करा, त्या दमट हवेत माती वाळायचं नावच घेत नाही, वर हॉलमध्ये उजेड कमी.

गच्चीबाग_धुळे:
तापीकाठ भाऊंचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं मातीत आहे. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, कुंडीतल्या जेडला नाही. ती चिकण असते, ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडतात. मग होतं काय, वरून भेगा दिसल्या की आपण पाणी घालतो, ते कुंडीच्या कडेच्या फटीतून खाली निघून जातं नाहीतर मधला गोळा आधीच ओला असतो तो अजून ओला होतो, आणि मुळं त्या गोळ्यात असतात.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा मे. पारा ४४-४५ ला गेला की आपल्याला वाटतं झाडाला पण जास्त पाणी पाहिजे, हे तुळशीला मोगऱ्याला खरं आहे, जेडला उलटं आहे. हे झाड दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री उघडून हवा घेतं, म्हणजे पाणी वाया जात नाही. पण आपल्याकडे रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, मग त्याचं कामच मंदावतं, वाढ थांबते आणि पाणी ओढणं कमी होतं. अशा वेळी ओल्या गरम मातीत मुळं कुजतात. उन्हाळ्यात मेलेली जेड पाहिली की बहुतेक वेळा लोकांनी मायेने पाणी पाजलेलं असतं, मला फार वाईट वाटतं.

माती अशी करा: एक वाटा लाल माती किंवा जुनं कुजलेलं खत, दोन वाटे जाड वाळू आणि विटेचा चुरा मिळून. वाळू चाळून वर राहते ती घ्या, बारीक नको, बारीक वाळू माती अजून घट्ट करते. कुंडी मातीची, तळाला भोक मोकळं. पाणी किती दिवसांनी ते कॅलेंडर बघून नाही, खराट्याची काडी तळापर्यंत खुपसून बघायची, ओली माती चिकटून आली तर थांबायचं.

वावरातला_पोऱ्या (चाळीसगाव):
माझं जेड तर भर गच्चीवर आहे, दिवसभर ऊन, काही होत नाही. उन्हातच ठेवा, सावलीत लांबडं होतं.

गच्चीबाग_धुळे:
दादा तुमचं पान छोटं असेल ना, गोल, खोड लालसर तपकिरी? ते पोर्तुलाकारिया आफ्रा, दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते चरतात, नर्सरीवाले त्यालाही जेडच म्हणून विकतात. ते ऊन चांगलं सोसतं. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, पान मोठं आणि जाड. त्याला सकाळचं ऊन चालतं पण आपल्या मेमधलं दुपारचं ऊन पानं भाजतं. ताई तुमचं कोणतं?

गॅलरीतली_बाग:
पान मोठंच आहे, अंगठ्याएवढं, कडा लालसर. आणि आत्ता बघितलं तर बुडाशी खोड एका बाजूने मऊ लागतंय 😟

गच्चीबाग_धुळे:
मग थांबू नका. आजच काढा, मुळं बघा. काळी, लिबलिबीत असतील ती सगळी कापून टाका. खोड आतून तपकिरी दिसलं तर वर वर कापत जा, काप स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत, दरवेळी सुरी स्पिरिटने पुसून. बुड वाचलं नाही तरी वरच्या फांद्या वाचतात. कापलेल्या फांद्या सावलीत, हवेशीर जागी चार-सहा दिवस नुसत्या पडू द्या, तोंड सुकून कडक झालं पाहिजे, मग कोरड्या वाळूच्या मिश्रणात उभ्या करा आणि लगेच पाणी अजिबात नको, आठवडाभराने थोडंसं. ह्या उन्हात मुळं हळू फुटतील, पाऊस पडून हवा गार झाली की जोर धरतील, तोवर हलवून बघू नका. धडधाकट गळालेली पानं पण फेकू नका, मातीवर आडवी ठेवा, मोठ्या पानाचं जेड नुसत्या पानातूनही येतं.

तापीकाठ:
फांद्यांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं दिसतं का तेही बघा ताई. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, आता उन्हात तेलाची फवारणी नको, पानं जळतात. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर मोठ्या पानाचं जेड त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, त्यांना बाधतं.

गॅलरीतली_बाग:
मुळं काढली, अर्धी काळी आहेत. पण वरच्या तीन फांद्या कडक आहेत, त्या कापून स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवल्यात. विटेचा चुरा उद्या वीटभट्टीवरून मागवते. पावसाळ्यात कुंडी खिडकीत बाहेर ठेवली तर चालेल का?

गच्चीबाग_धुळे:
पत्र्याखाली असेल तर चालेल, झडीचं पाणी सतत अंगावर नको. मुळं धरेपर्यंत आतच राहू द्या.