वाचनालयाच्या कट्ट्यासाठी कादंबरी आणि आत्मकथन सुचवा

पोटमाळा:
मंडळी, नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कट्टा भरतो. निम्मे निवृत्त, काही गृहिणी, दोन शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येऊन आमच्या तावडीत सापडलेली एक-दोन मुलं. आतापर्यंत ज्याने त्याने आपण वाचलेलं सांगायचं अशी पद्धत होती. त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एक जण सांगतो आणि बाकीचे चहाची वाट बघतात. म्हणून आता सगळ्यांनी एकच पुस्तक फिरवून वाचायचं असं ठरलंय. एक महिना कादंबरी, पुढचा महिना आत्मकथन.

एका पुस्तकाच्या फार तर दोन प्रती घेता येतील. त्यामुळे जाडजूड ग्रंथ शेवटच्या माणसापर्यंत महिन्याभरात पोचायचा नाही. ऐतिहासिक-पौराणिक नको, त्याची दोन कपाटं भरलेली आहेत आणि ती मंडळींना तोंडपाठ आहेत. 'मृत्युंजय', 'स्वामी' आणि 'ययाति' सुचवणाऱ्यांना आगाऊ नमस्कार. यादीपेक्षा तुम्ही स्वतः एवढ्यात काय वाचलंत आणि त्यावर लोक बोलतील का, ते सांगा.

खिडकीपाशी:
'नदीष्ट', मनोज बोरगावकर. डोळे मिटून घ्या. नांदेडची गोदावरी, रोज तिच्यात पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठी भेटणारी माणसं. देवळातली, भीक मागणारी, तृतीयपंथी, ज्यांच्याकडे बघून आपण गाडीची काच वर करतो ती सगळी. २०१९ साली ग्रंथालीने काढली. छोटी आहे, दोन बसण्यांत होते. कथानक म्हणाल तर फारसं नाही, आणि कुठे कुठे लेखक नदीच्या प्रेमात जरा जास्तच वाहवतो. पण तुमच्या कट्ट्यावर प्रत्येकाला आपल्या गावची नदी आठवेल आणि मग त्यांना आवरणं अवघड जाईल.

कडूलिंब:
एक महिना हे, एक महिना ते, असं सुटं सुटं वाचण्यापेक्षा जोडीने वाचा. एकाच मुलखाचं किंवा एकाच प्रश्नाचं आत्मकथन आणि कादंबरी लागोपाठ घ्या. दुसऱ्या महिन्यात लोक आपोआप पहिल्याशी ताडून बघतात, मुद्दाम चर्चा 'घडवावी' लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या गटात आम्ही हेच करतो.

आमची सगळ्यात जमलेली जोडी तर एकाच लेखकाची होती. विलास मनोहरांचं 'नेगल' आणि त्यांचीच 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला प्रकाश आमटे यांच्या लोक बिरादरी प्रकल्पात वाढलेल्या प्राण्यांच्या आठवणी म्हणजे 'नेगल'. नेगल हे तिथल्या बिबट्याचं नाव. बिबटे, अस्वलं, साप असं सगळं गोकुळ आहे. आधी सगळे हसत-खेळत वाचतात. मग हळूहळू लक्षात येतं की ही पिल्लं प्रकल्पात आली कारण माडिया लोक पोटासाठी शिकार करतात आणि आईमागे पिल्लू उरतं. तिथून कादंबरीवर या. जुरू नावाचा माडिया तरुण, जंगल खात्याचे लोक, ठेकेदार, पोलीस, आणि या सगळ्यांच्या मध्ये तो कसा कसा सरकत जातो. लेखक कुणाला माफी देत नाही आणि कुणाचा झेंडाही घेत नाही. आमच्याकडे एक निवृत्त वनाधिकारी आहेत. ते पहिल्या अर्ध्या तासात चिडले, आणि नंतरचा सगळा वेळ त्यांनीच बोलून घेतला. कट्ट्याला आणखी काय हवं?

दाखल क्रमांक:
जोडीच्या कल्पनेला अनुमोदन. आयुष्यभर देवघेव विभागात बसलो, तेव्हा थोडं व्यवहाराचं बोलतो. पुस्तक फिरवायचं तर प्रत्येकाला ठरावीक दिवस द्या आणि तारीख पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर लिहा. 'झालं की देते' म्हणणाऱ्या ताईंकडून पुस्तक परत येत नसतं.

आता आत्मकथन. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. पुस्तक म्हणून १९८६ साली आलं, त्याआधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः येत होतं. फलटणला किराणा मालाचं दुकान चालवता चालवता बाईंनी हे लिहिलं आणि घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. पातळ पुस्तक आहे. गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय त्यात आहेच, पण महारवाड्याच्या आत सुनांचं काय व्हायचं तेही त्या तितक्याच रोखठोक लिहितात. पळून जाऊ नये म्हणून सुनेच्या पायात लाकडी खोडा घालायचे, ते पान वाचून आमच्याकडची एक वाचक पुस्तक परत करायला आली आणि काउंटरपाशीच उभी राहून बोलत राहिली.

त्याला जोड म्हणून ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३). हेही आत्मकथनच, म्हणजे तुमचा नियम मोडतो, पण मोडू द्या. एक फलटणकडची, एक रत्नागिरीकडची. एक 'आम्ही' म्हणून लिहिते, दुसरी 'मी' म्हणून. बांबूच्या टोपल्या विणणारी आई, मग मुंबई, नोकरी, लग्न झाल्यावर एम. ए. करायचं म्हटल्यावर घरातच झालेला विरोध. या दोघींच्या मधल्या वर्षांत काय बदललं आणि काय जागच्या जागी राहिलं, यावर दोन शनिवार जातील.

तिसरी घंटा:
सगळ्यांच्या सूचना चांगल्या आहेत, पण एक विचारू का? मराठी आत्मकथन म्हटलं की दुःखच का? आमच्या कट्ट्यावर सत्तरीच्या पुढची मंडळी आहेत. दवाखान्यातून थेट कट्ट्यावर येतात. त्यांना दर महिन्याला खोडा, दुष्काळ आणि विस्थापन द्यायचं का? जरा हसवणारं सुचवा की.

खिडकीपाशी:
'स्मृतिचित्रे'. हे हसायला सांगतेय, चुकून नाही.

दाखल क्रमांक:
मी लिहायला आलो तोवर खिडकीपाशींनी बाजी मारली. लक्ष्मीबाई टिळकांइतकी विनोदी लेखणी त्या काळात पुरुषांकडेही फार जणांकडे नव्हती. पहिला भाग १९३४ चा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, आणि नवरा म्हणजे रेव्हरंड टिळक. खिशात पैसा टिकत नाही, घरात पाय टिकत नाही. १८९५ साली टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं, पुढे पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. मधल्या त्या वर्षांत त्यांच्या मनातून जात कशी पायरीपायरीने सुटत गेली, ते त्यांनी लिहिलंय तसं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. एवढा मोठा उलटफेर आणि तोही स्वतःवर हसत सांगितलेला! पूर्ण पुस्तक मोठं आहे. संक्षिप्त आवृत्ती मिळते, पण मी ती सुचवणार नाही. कापताना नेमकी वळणं जातात. शाळेच्या पुस्तकात उतारा वाचला म्हणजे वाचलं, असं समजणारे तुमच्या कट्ट्यावर निम्मे तरी निघतील.

तिसरी घंटा:
मीही त्याच निम्म्यांतली! वाचते.

पोटमाळा:
कल्पना पटली, जोडीने वाचू. पण कडूलिंब, आमच्याकडे दोन गट आहेत. एक गट म्हणतो, आत्मकथन खरं असतं म्हणून ते भिडतं. दुसरा म्हणतो, कादंबरीत लेखकाला मोकळीक असते म्हणून जास्त खरं तिथेच लिहिलं जातं. या भांडणाला खाद्य देईल अशी जोडी आहे का?

कडूलिंब:
त्या भांडणाला जोडी कशाला, एकच पुस्तक पुरेल. 'बलुतं' (१९७८). दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतोय, म्हणजे माणूस एकच आणि त्याचे दोन तुकडे. एक भोगणारा, दुसरा शिकून पांढरपेशा झालेला आणि ऐकताना अस्वस्थ होणारा. आत्मकथनाला कादंबरीची युक्ती लावलीय. तुमचे दोन्ही गट आपलंच म्हणतील.

कृष्णाकाठ:
कोल्हापूर भागातून लिहितोय. कृष्णात खोतांची 'रिंगाण' कुणी घेतलीच नाही का अजून? २०२३ चा साहित्य अकादमी मिळालाय तिला. धरणासाठी गाव उठलं, माणसं दुसरीकडे नेऊन टाकली, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला एक जण पुन्हा त्या रानात जातो. बास, एवढीच गोष्ट. पण म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. आपणही कुठले राहिलो नाही, हे त्या माणसाला कळत जातं. भाषा पन्हाळ्याकडची आहे, पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुरुवातीची पानं अडखळवतील. मोठ्याने वाचा, कान सरावतो. कट्ट्यावर कुणीतरी आमच्या बाजूचं असेल तर त्याच्याकडूनच वाचून घ्या.

आणि वेळ असेल तर त्याआधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती'. जाड आहे, मान्य. पण तिला १९९२ चा अकादमी आणि हिला २०२३ चा, मध्ये तीस वर्षं, आणि विषय तोच धरणग्रस्तांचा. 'झाडाझडती'त मोर्चे, कचेऱ्या, मोबदला, दलाल सगळं आहे, जांभळी गावाची सगळी फरफट आहे. 'रिंगाण'मध्ये यातलं काहीच नाही, फक्त एक माणूस, एक जनावर आणि रान. मला विचाराल तर दुसरीच जास्त दिवस डोक्यात राहते.

मांडवीपार:
गोंयातून देव बरें करूं. आमच्या इथे महाबळेश्वर सैलांचं 'तांडव' पुन्हा पुन्हा बाहेर असतं. पोर्तुगीज काळातली धर्मांतरं हा विषय. ऐतिहासिक नको म्हणालात, पण यात राजे नाहीत, तलवारी नाहीत. गावचा देव हलवायचा की जमीन सांभाळायची, घरातला एक भाऊ ख्रिस्ती झाला तर उरलेल्यांनी काय करायचं, असली पेचात पडलेली साधी माणसं आहेत. वरच्या 'स्मृतिचित्रे'शी लावून वाचा, मजा येईल. एकीकडे आपल्या मनाने झालेलं धर्मांतर, दुसरीकडे सत्तेच्या धाकाने झालेलं. मात्र पुस्तक लहान नाही.

दाखल क्रमांक:
वा! ही जोडी मला सुचली नसती.

पोटमाळा:
आमच्या दोन परीक्षार्थींनी खास निरोप दिलाय. 'काका, शहरातलं आणि आमच्या वयाचं काहीतरी घ्या.'

खिडकीपाशी:
त्यांना प्रणव सखदेवची 'काळेकरडे स्ट्रोक्स' द्या. साहित्य अकादमीचा २०२१ चा युवा पुरस्कार आहे तिला. कॉलेजातली मुलं, मैत्री, प्रेम, त्यातला गोंधळ. ज्येष्ठांपैकी काही जण नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्या. ज्यांना ती उथळ वाटते त्यांनी आपल्या विशीतली डायरी काढून वाचावी.

तिसरी घंटा:
मी नाक मुरडलं होतं. अजूनही मुरडलेलंच आहे. पण माझ्या भाचीने एका रात्रीत संपवली, हे खरं.

वऱ्हाडी ठेचा:
'धग'चं नाव कोणीच घेतलं नाही का जी? उद्धव शेळके, १९६०. एवढ्यात परत वाचली. नवरा खचत जाते आणि कौतिक संसार रेटत राह्यते. त्या बाईपुढं भल्याभल्या नायिका फिक्या पडतात. जोडी पाह्यजे असंन तर आनंद यादवांचं 'झोंबी' घ्या. तिकडं शिक्षणासाठी पोरगं बापाशी झुंजते. दोन्ही घरात गरिबी सारखीच, पण एकात मायच्या नजरेनं आणि दुसऱ्यात पोराच्या. 'झोंबी' जाडं आहे, ते पहिलेच सांगून ठेवतो.

कडूलिंब:
अनुवादाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून एक वेगळी जोडी सुचवतो. उमा कुलकर्णींचं आत्मकथन 'संवादु अनुवादु', आणि त्यांनीच मराठीत आणलेली कन्नड कादंबरीकार भैरप्पांची 'वंशवृक्ष'. आपल्या वाचनालयांत भैरप्पांची पुस्तकं मराठी लेखकाइतकीच फिरतात, पण ती आपल्यापर्यंत आली कशी याची ही गोष्ट आहे. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. नवऱ्याने वाचायचं, बायकोने ऐकायचं आणि त्यातून पुस्तक व्हायचं, असा संसार मराठी आत्मकथनांत विरळाच. वरच्या दुःखाच्या तक्रारीवरही हे उत्तर आहे. माझ्या मते आधी 'वंशवृक्ष' वाचावी. उलट क्रमाने वाचली तर कादंबरी वाचताना सारखा टेपरेकॉर्डर डोळ्यांसमोर येतो.

खिडकीपाशी:
आणि पोटमाळा, ऐतिहासिक नको हा नियम एकदाच मोडायचा असेल तर नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर'साठी मोडा. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, पण सांगणारा अंताजी इतका चालू आणि तिरकस आहे की तुमच्या त्या दोन कपाटांतले सगळे वीर एकदम अवघडतील. २०२० चा अकादमी खऱ्यांच्या 'उद्या'ला जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला होता. ती कादंबरी मुलांना द्या, पाळत आणि डेटावरची आहे, त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल.

पोटमाळा:
सगळ्यांचे आभार. सुरुवात 'नदीष्ट'ने करतो, लहान आहे आणि सवय लागेल. मग 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' लागोपाठ. त्यानंतर मनोहरांची जोडी, म्हणजे तिसरी घंटांच्या मंडळींना मध्ये प्राणी भेटतील. 'रिंगाण' पावसाळ्यात. 'स्मृतिचित्रे' पूर्ण घेणार, पण दोन महिन्यांची मुदत देऊन. 'तांडव' त्याच्या मागोमाग. 'अंताजी'बद्दल अजून मतदान व्हायचंय. एक शंका: 'जिणं आमुचं'च्या प्रती आमच्या नेहमीच्या विक्रेत्याकडे नाहीत. कुठून मिळवू?

दाखल क्रमांक:
माझ्याकडे एक जादा आहे, बांधणी ढिली झालीय पण पानं सगळी आहेत. पत्ता निरोपातून कळवा, पोस्टाने पाठवतो. दुसऱ्या प्रतीसाठी जिल्हा ग्रंथालयात विचारा, त्यांच्याकडे असेल तर महिन्यापुरती मिळू शकेल. आणि मागची चिठ्ठी विसरू नका.