अनुभव धागा: नोकिया ६६०० – सोलापुरात वापरलेल्यांनी जमेचं आणि उणं, दोन्ही लिहा

धागाकर्ता, नवी पेठ

६६०० हा खरा स्मार्टफोन होता की नुसता महागडा मोबाईल, यावर आमच्या ओळखीत अजून दोन तट आहेत. मी पहिल्या तटातला. म्हणूनच हा धागा काढतोय, पण दुसऱ्या तटानेही मोकळेपणाने लिहावं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: २००३ साली जाहीर झालेला आणि वर्षअखेरीस बाजारात आलेला फोन. आत सिम्बियन ही ऑपरेटिंग सिस्टीम, १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, साठवणीला जेमतेम ६ एमबी आणि सोबत ३२ एमबीचं कार्ड. पडदा १७६ बाय २०८ ठिपक्यांचा, कॅमेरा व्हीजीए, म्हणजे ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. ब्लूटूथ होतं, इन्फ्रारेड होतं. थ्रीजी, वाय-फाय, रेडिओ यांतलं काही नव्हतं. सुरुवातीची किंमत वीस हजारांच्या पुढे, म्हणजे आपल्या गावात बऱ्याच घरांचा काही महिन्यांचा पगार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो फोन उघडा होता, ही त्याची खरी ताकद. कुठून तरी एक एसआयएस फाइल, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, मिळाली की ती ब्लूटूथने घ्यायची, उघडायची, झालं. खातं नको, स्टोअर नको, इंटरनेटही नको. तेव्हा सोलापुरात इंटरनेट म्हणजे बहुतेकांसाठी कॅफे. अशा गावात हा फोन वाढला तो एका हातातून दुसऱ्या हातात. आणि त्याचं जे काही बिघडलं तेही त्याच दाराने आत आलं.

कागदावरचे आकडे कुठेही मिळतील. आपल्या उन्हात, लोडशेडिंगमध्ये, कारखान्यात तो कसा चालला, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते लिहा.

चादर-टॉवेलचे घाऊक व्यापारी, अशोक चौक

पहिला नंबर माझा. धंद्यासाठी या फोनने काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी नावं आणि नंबर. आधीच्या फोनमध्ये सिमवर अडीचशे नंबर झाले की संपलं, आणि एका नावापुढे एकच नंबर. ६६०० मध्ये एका पार्टीच्या नावाखाली दुकान, घर, मोबाईल, पत्ता, सगळं एकत्र बसायचं. आमच्या पार्ट्या बंगळूर, हैदराबाद, इंदूर अशा पसरलेल्या. तोपर्यंत डायरी हरवली की धंदा हरवला अशी अवस्था होती.

दुसरा कॅमेरा. इथे मला दोन्ही बाजू सांगायच्या आहेत. नवी डिझाईन मागावरून उतरली की फोटो काढून एजंटला ब्लूटूथने द्यायचो. तो फोटो घेऊन तो चार गावं फिरायचा. नमुन्याचं गाठोडं उचलायला नको. किनार कशी आहे, मधली बुट्टी केवढी आहे, हे त्या एवढ्याशा फोटोतही कळायचं. पण रंगाचा भरवसा नाही. ट्यूबलाइटखाली काढलेला मरून तपकिरी दिसे आणि मोरपंखी सरळ निळा. व्हीजीए कॅमेऱ्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करणंही बरोबर नाही. आम्ही मग नियमच केला: डिझाईन फोटोवर ठरवायची, रंग मात्र कापडाचा तुकडा पोस्टाने पाठवूनच पक्का करायचा. हा नियम आमच्याकडे आजही आहे, आणि आजचे फोन कितीही चांगले झाले तरी तो मोडू नये असं मी मुलाला सांगतो. पडद्यापडद्यागणिक रंग बदलतो. कापड एकच असतं.

एमएमएसच्या, म्हणजे फोटो पाठवायच्या मेसेजच्या, वाटेला फारसा गेलो नाही. पैसे कापले जायचे आणि समोरच्याला पोचला की नाही ते फोन करून विचारावं लागायचं.

पावरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारा), पूर्व भाग

शेठ, तुम्ही ऑफिसात वापरला, आम्ही शेडमध्ये. तिथली गोष्ट वेगळी.

चालू मागांच्या शेडमध्ये माणसाचा आवाज ऐकू येत नाही, तिथे रिंग कुठली ऐकू येणार? व्हायब्रेशनवर ठेवून छातीच्या खिशात. ६६०० जाडजूड, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, खिसा ओढला जायचा. पण हलला की कळायचं. घामेजल्या हातातून सटकत नव्हता. खालचा गोलवा तळव्यात बरोब्बर बसायचा. मला तो जाडपणा कधी खटकला नाही.

आमच्याकडचा त्याचा शत्रू म्हणजे सुताचं तूस. हवेत सतत उडत असतं. ते जॉयस्टिकच्या बुंध्याशी जाऊन बसायचं आणि मग वर दाबलं की काही नाही, खाली दाबलं की दोन ओळी उडी. सगळा फोन त्या एका दांडीवर चालतो, त्यामुळे ती अडली की नंबर लावण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. आमच्या शेडमधल्या सगळ्यांनी मग फोनला प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर घातलं. दिसायला बरं नाही, पण तूस थांबलं.

घरी आम्ही तेलुगू बोलतो, कामावर मराठी, बाजारात कन्नडही. फोनशी मात्र इंग्रजी. मेनूमधलं इंग्रजी वाचता येत नसलं तरी चित्रं पाठ होती. माझ्या आईलासुद्धा पाकिटाचं चित्र म्हणजे मेसेज हे माहीत होतं.

तेव्हा विद्यार्थी, जुळे सोलापूर

माझ्याकडे आला तो २००६ मध्ये, सेकंड हँड, कोपरे घासलेला. लई प्रेम केलं त्याच्यावर.

मूळ फोनमध्ये एमपीथ्री प्लेअर नव्हता, हे आता कुणाला पटत नाही. मग अल्ट्राएमपीथ्री टाकायचं. गाणी ऐकू यायची, पण मोनो. साधी हेडफोनची पिन बसायची नाही, खाली नोकियाचं ते रुंद पॉप-पोर्ट. तरी हॉस्टेलच्या खोलीत चौघांत एक फोन मधे ठेवून गाणी लावली की पुरे.

स्मार्टमूव्ही म्हणून दुसरं ॲप होतं. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर अख्खा सिनेमा दाबून, बारीक करून १२८ एमबीच्या कार्डात बसवायचा. कार्ड बॅटरीच्या खाली. म्हणजे दर वेळी फोन बंद करा, झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड घाला, परत सगळं लावा आणि फोन सुरू होईपर्यंत थांबा. ही रचना मला तेव्हाही कळली नव्हती, आताही कळत नाही.

पण एक गोष्ट सांगतो, जी नंतरच्या कितीतरी महाग फोनांत नव्हती. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेली सगळी ॲप्स समोर. गाणं वाजतंय, मागे ब्राउझर उघडा आहे, मधेच मित्राचा ‘काय करलालास बे’ असा मेसेज आला, उत्तर दिलं, परत ब्राउझरमध्ये. पेन्सिलचं बटण धरून मजकूर निवडायचा, कॉपी करायचा, दुसरीकडे चिकटवायचा. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतं, ते पुढच्या वर्षी आलं. त्यामुळे ‘हा स्मार्टफोन नव्हता’ म्हणणाऱ्यांशी मी भांडणारच.

मेमरीचं मात्र खरं दुखणं होतं. तीन-चार ॲप्स उघडली की ‘मेमरी भरली’. इनबॉक्समध्ये मेसेज साठले की उघडायलाही वेळ लागायचा.

होटगी रोड

मी दुसऱ्या तटातला. त्या वर्षांत आपल्याकडे रोज किती तास वीज जायची ते आठवा. माझ्याकडे नोकियाचा साधा ११०० होता. वर टॉर्च. रात्री वीज गेली की घरात त्याचाच उजेड. चार्जिंगची आठवणसुद्धा व्हायची नाही. ज्या फोनला संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो आणि नेमकी तेव्हाच वीज नसते, त्याची हुशारी काय कामाची?

मोबाईल दुरुस्ती, नवी पेठ

होटगी रोडवाल्या दादांचं म्हणणं रास्त आहे. त्यात एक भर घालतो: दोन्ही फोनांची बॅटरी एकच होती, बीएल-५सी, ८५० एमएएच. तीच बॅटरी ११०० मध्ये दिवसच्या दिवस जायची आणि ६६०० मध्ये, ब्लूटूथ आणि गाणी चालू असतील तर, एक दिवस. फरक बॅटरीत नव्हता, ती खाणाऱ्या पडद्यात आणि प्रोसेसरमध्ये होता. पण याचाच फायदा म्हणजे घरात ११०० असेल तर त्याची भरलेली बॅटरी काढून ६६०० ला लावता येई. माझी कितीतरी गिऱ्हाइकं लोडशेडिंगमध्ये हेच करायची. आज बॅटरी बदलायला फोन तापवून काच उचकटावी लागते, तेव्हा नखाने झाकण निघायचं.

सावध राहायचं ते नकली बॅटरीपासून. रस्त्यावर स्वस्तात मिळायच्या, मे महिन्याच्या उन्हात फुगायच्या. टेबलावर ठेवून बोटाने फिरवली आणि भोवऱ्यासारखी फिरली की समजायचं, पोट आलंय, टाकून द्या.

आता धागाकर्त्यांनी ज्या ‘दारा’चा उल्लेख केला त्याबद्दल. २००४ च्या जूनमध्ये कॅबिर नावाचा किडा सापडला, सिरीज ६० फोनांवर, म्हणजे ६६०० सारख्या सिम्बियन फोनांवर, ब्लूटूथने पसरणारा. २००५ मध्ये कमवॉरियर आला, तो एमएमएसनेही जायचा. मधे स्कल्स होता, त्याने सगळ्या आयकॉनच्या जागी कवट्या यायच्या आणि ॲप्स उघडायची बंद. कॅबिर डेटा चोरत नव्हता, पण सारखा आसपासचे फोन शोधत राहायचा, त्यात बॅटरी उतरायची. लोक यायचे, म्हणायचे बॅटरी बदला. मी आधी ब्लूटूथची खूण चालू आहे का बघायचो.

तो आपोआप शिरत नसे. फोन आधी विचारायचा, ‘मेसेज घ्यायचा का?’, मग पुन्हा, ‘इन्स्टॉल करायचं का?’ पण विचारायचा इंग्रजीत. आणि आपल्या लोकांना तोवर सवय लागली होती की ब्लूटूथने आलेलं काहीतरी चांगलंच असतं, गाणं, गेम, फोटो. गड्ड्याच्या जत्रेनंतर दुकानात असे फोन जास्त यायचे. एवढ्या गर्दीत दहा मीटरच्या आत ब्लूटूथ उघडं ठेवलेले किती फोन असतील, विचार करा.

माझ्याकडचा उपाय एकच, फॉरमॅट. *#७३७०# आणि कोड १२३४५. फोन सुरूच होत नसेल तर हिरवं बटण, * आणि ३, तिन्ही दाबून पॉवर. सगळं पुसलं जायचं. त्याआधी नंबर कॉम्प्युटरवर काढून ठेवायचो.

शिक्षिका, विजापूर रोड

सगळे पुरुष मंडळीच लिहीत आहेत म्हणून लिहिते. यजमानांचा फोन पुढे माझ्याकडे आला. कॅलेंडर मला फार आवडलं. परीक्षांच्या तारखा, पालकसभा, मुलांच्या लसी, सगळं आधी वाजून आठवण करायचं.

माझी तक्रार एकच आणि ती मोठी आहे: मराठी. आमच्या सासूबाईंना वाचायची गोडी होती, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी त्यांना कशी वाचता येणार? त्या मेसेज माझ्याकडून वाचून घ्यायच्या, मग तो मेसेज खासगी कुठला राहतो? वेबवरची मराठी पानं उघडली तर नुसते चौकोन.

पुढे ऑपेरा मिनी आलं आणि कुणीतरी सांगितलं की त्याच्या पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ लिहून, जोडाक्षरांच्या लिपींसाठी चित्राक्षरं वापरण्याचा पर्याय ‘हो’ करायचा. केलं, आणि पडद्यावर नीट देवनागरी! अक्षरं चित्रं बनून यायची, म्हणून पान उघडायला वेळ लागे आणि रिचार्ज भराभर संपे. तरी सासूबाईंनी त्या दोन इंची पडद्यावर चष्मा वर-खाली करत मराठी बातम्या वाचल्या. कॅमेरा, ब्लूटूथ, गेम यांपेक्षा मला ही सोय मोठी वाटते, आणि ती मूळ फोनमध्ये नव्हती, बाहेरून टाकता आली.

धागाकर्ता

ताई, नेमकं हेच. बंद फोन असता तर मराठी कंपनी देईपर्यंत थांबावं लागलं असतं. होटगी रोडवाल्या दादांची बाजूही मी मान्य करतो, वीज नसलेल्या गावात ११०० जास्त शहाणा होता.

जकार्ड डिझायनर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उशिरा लिहितोय, पण मदत हवी आहे. कपाटात माझा ६६०० आहे. त्यात वडिलांच्या जुन्या डिझाईनच्या कागदांचे फोटो आहेत. मूळ कागद वाळवीने गेले. काही फोटो कार्डात, काही फोनच्या मेमरीत. बॅटरी फुगली आहे. काय करू?

मोबाईल दुरुस्ती, नवी पेठ

फुगलेली बॅटरी अजिबात चार्ज करू नका. हलकेच काढून बाजूला ठेवा. बीएल-५सी साध्या फोनांमुळे अजून मिळते, पण पक्क्या दुकानातून घ्या.

कार्डाचं काम सोपं आहे. बॅटरीखालचं कार्ड एमएमसी आहे, बऱ्याच जुन्या एसडी रीडरमध्ये चालतं. आधी तेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, म्हणजे अर्धी काळजी मिटली. नंतर नवी बॅटरी लावून फोन सुरू करा आणि फोनच्या मेमरीतले फोटो ब्लूटूथने अँड्रॉइडवर पाठवा. आयफोन अशा फाइल घेत नाही. एकेक करून पाठवा, घाई नको. जोडी जुळली नाही तर जुना लॅपटॉप वापरून बघा.

सुरू होताना अडकला तर वर सांगितलेली तीन बटणं मुळीच दाबू नका, सगळं पुसलं जाईल. तसाच दुकानात घेऊन या. दुपारी चारनंतर निवांत असतो.

चादर-टॉवेलचे घाऊक व्यापारी, अशोक चौक

डिझायनरसाहेब, फोटो निघाले तर मला दाखवा. जुन्या किनारींना अजून मागणी आहे. रंग आपण सूत समोर ठेवून ठरवू.