आयपीव्ही६ मध्ये विंडोज अजून मागे का?

तिठा :
सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्स आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, सपोर्ट करतात, असं सर्रास सांगितलं जातं. मला पटत नाही. नेटवर्कवरून आयपीव्ही४ ही जुनी पद्धत पूर्ण काढा आणि मग बघा. जुन्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा चार आकड्यांचा पत्ता थेट कोडमध्येच लिहिलेला असतो. असा प्रोग्रॅम सर्व्हरचं नाव विचारतच नाही, मग नावाच्या बदल्यात आयपीव्ही६ पत्ता देणारं डीएनएस६४ काय करणार? तिथे सिस्टिममध्येच क्लॅट नावाचा दुभाषा लागतो. तो प्रोग्रॅमला आयपीव्ही४ असल्याचं भासवतो आणि पॅकेट आयपीव्ही६ मध्ये बदलून पुढे पाठवतो. अँड्रॉइडमध्ये हे ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. नंतर मॅकमध्येही आलं. विंडोजमध्ये ही सोय वर्षानुवर्षं फक्त मोबाइल डेटापुरती. वाय-फायवरही आणू, ही घोषणा व्हायला २०२४ उजाडलं!

कडीकुलूप :
विंडोजवर हा अन्याय आहे. एक्सपीत आयपीव्ही६ वेगळं बसवावं लागे हे खरं, पण व्हिस्टापासून ते आपसूक चालू असतं. आणि ज्या अँड्रॉइडचं कौतुक करताय, त्याने डीएचसीपीव्ही६ कडून, म्हणजे पत्ते वाटून कोणाला कुठला दिला ते नोंदवणाऱ्या सर्व्हरकडून, पत्ता घ्यायला वर्षानुवर्षं नकार दिला. विंडोज घेतं, मॅक घेतं. कुठल्या वेळी कुठला पत्ता कोणाकडे होता, ही नोंद आम्हाला ठेवावीच लागते. उद्या चौकशी झाली तर उत्तर नेटवर्कवाल्यालाच द्यायचं असतं.

तिठा :
नोंद हवीच, पण राउटरच्या नेबर टेबलमधूनही, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या उपकरणाचा या यादीतूनही, ती काढता येते. अँड्रॉइडच्या नकारामागे कारण आहे. डीएचसीपीव्ही६ वर बहुतेक ठिकाणी एका उपकरणाला एकच पत्ता मिळतो. क्लॅटला वेगळा पत्ता लागतो, हॉटस्पॉटवरच्या उपकरणांनाही लागतात. एकावर अडवलं की पुन्हा नॅट, म्हणजे एकाच पत्त्यात अनेकांना भागवणं आलं, आणि त्यातून सुटायलाच तर १२८ बिटांचे पत्ते आणले ना?

कडीकुलूप :
शेकडो स्विचेसवरून ते टेबल सतत गोळा करून बघा, मग बोलू.

उंबरठा :
दोघंही सिस्टिमलाच धरून बसलाय. ॲपलने जून २०१६ पासून नियम केला : निव्वळ आयपीव्ही६ नेटवर्कवर न चालणारं ॲप स्टोअरवर घेणार नाही. डेव्हलपरांनी मुकाट्याने कोड दुरुस्त केले. विंडोज आणि लिनक्सवर प्रोग्रॅम कुठूनही आणून बसवता येतो, तिथे असा नियम लावणार कोण?

तिठा :
कोणीच नाही. म्हणून तर तिथे क्लॅट जास्त गरजेचा आहे.