पब्लिक डोमेनमधील (म्हणजे कोणाचाच हक्क न उरलेल्या) जुन्या चित्रफितीवर कॉपीराइटचा दावा आला आहे. हरकत घ्यावी का?

इतिहासाचा मास्तर, सोलापूर:
सप्रेम नमस्कार. १० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जयंती असते. त्यानिमित्त आमच्या शाळेतील मुलांनी अकरा मिनिटांची चित्रफीत तयार केली. भैय्या चौकातील स्मारकात मुलांनी स्वतः केलेले चित्रीकरण आणि माझे निवेदन यांखेरीज तीत दोन जुने तुकडे आहेत. पहिला अमेरिकेच्या युद्ध खात्याने १९४४ साली काढलेल्या ‘द बॅटल ऑफ चायना’ या माहितीपटातील, शांघायवरील बॉम्बहल्ल्याचा. दुसरा १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटातील एका गाण्याचा.

चित्रफीत चढवून तासही झाला नव्हता, तोच दोन दावे आले. बॉम्बहल्ल्याची ३७ सेकंदांची दृश्ये आपल्या मालिकेतील आहेत असे एका परदेशी वाहिनीचे म्हणणे आहे, तर गाण्यावर एका संगीत कंपनीने हक्क सांगितला आहे. “सर, आपण चोरी केली का?” असे सातवीतल्या एका मुलीने विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. दोन्ही तुकडे जुने असल्याने दोन्ही दाव्यांवर ‘पब्लिक डोमेन’ हेच कारण देऊन हरकत घ्यावी असे मनात आहे. पण त्यामुळे शाळेचे चॅनेलच बंद पडले, तर अनेक वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे चित्रीकरण त्याबरोबर जाईल, ही धास्ती वाटते.

कडक भाकरी:
आपण संकेतस्थळाचे नाव लिहिलेले नाही, म्हणून यूट्यूबची पद्धत सांगतो. असा आपोआप आलेला दावा म्हणजे स्ट्राइक, अर्थात कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनेलवर बसणारा रीतसर ठपका, नव्हे. जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे जातात किंवा चित्रफीत काही किंवा सर्व देशांत दिसत नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले, तर मात्र चॅनेल धोक्यात येते.

जुनी रिळे:
मास्तर, दोन्ही दावे एका मापाने मोजू नका, एवढीच माझी विनंती आहे.

वाहिनीचा दावा चुकीचा आहे असे मला वाटते, आणि ही चूक कशी होते तेही सांगण्यासारखे आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही व्यवस्था हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक नव्या चित्रफितीचा ठसा (चित्र आणि आवाज यांची यंत्राने काढलेली ओळखखूण) ताडून पाहते. वाहिनीने मालिका करताना अमेरिकी सरकारची फुकट उपलब्ध असलेली दृश्ये वापरली आणि पुढे आख्खा भागच नमुना म्हणून नोंदवला, की त्या दृश्यांचा ठसाही तिच्या नावावर चढतो. वास्तविक ज्यावर एकट्याचा हक्क नाही असा मजकूर वगळून नोंद करावी, असा नियम आहे. पण ती निवडानिवड करण्याचे कष्ट कोण घेतो? यंत्राला साम्य कळते, मालकी कळत नाही. अमेरिकी संघसरकारच्या कृतींना त्या देशात कॉपीराइट नसतो, तेव्हा येथे जरूर हरकत घ्या. मूळ माहितीपटाचे नाव, वर्ष, निर्माते खाते आणि त्यातील नेमकी वेळ हे सारे तीन-चार वाक्यांत लिहा.

गाण्याचे प्रकरण निराळे आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो. म्हणजे १९४६ चा हा चित्रपट भारतात १ जानेवारी २००७ पासून मोकळा झाला. परंतु चालीची मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असते. वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चालीवरील हक्क २०३५ अखेरपर्यंत चालू राहील. शिवाय अमेरिकेबाहेरचा जो चित्रपट १९९६ च्या आरंभी स्वतःच्या मायदेशी संरक्षित होता, त्याला अमेरिकेने पुन्हा हक्क दिले आणि तेथे ही मुदत प्रदर्शनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०४१ अखेरपर्यंत जाते. सोलापुरात मोकळा असलेला चित्रपट अमेरिकेत बांधलेला असू शकतो तो असा. म्हणून या दाव्यावर ‘पब्लिक डोमेन’ लिहू नका. गाणे काढून तेथे निवेदन घाला.

शेंगाचटणी:
धीर यावा म्हणून माझा अनुभव सांगते. गणपतीत आईने पारंपरिक चालीवर म्हटलेली ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ मी चढवली, तर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा आला. आरती समर्थांची, आवाज आईचा, आणि मागे आमच्या घरच्या झांजा. त्या कंपनीचा हक्क तिने केलेल्या मुद्रणावर असेल, आरतीवर नव्हे, असे मी हरकतीत लिहिले. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. कोणीच उत्तर दिले नाही आणि दावा आपोआप गळून पडला.

जुनी रिळे:
प्रत्येकाचे असेच होते असे नाही. दावेदाराने हरकत फेटाळली तर अपील करता येते, आणि तेव्हा त्याला सात दिवसांत निर्णय घ्यावा लागतो: दावा सोडायचा किंवा रीतसर चित्रफीत काढायला लावायची. खरा स्ट्राइक येतो तो या दुसऱ्या वाटेने, म्हणून अपील करण्यापूर्वी कागदपत्रे हाताशी ठेवा.

इतिहासाचा मास्तर, सोलापूर:
सर्वांचा आभारी आहे. आज गाणे काढले आणि बॉम्बहल्ल्याच्या दाव्यावर हरकत नोंदवली. त्यातील पहिले वाक्य त्या सातवीतल्या मुलीनेच लिहून दिले: “ही दृश्ये वाहिनीची नाहीत, ती १९४४ पासून तशीच आहेत.” तीस दिवसांनी काय झाले ते येथेच कळवीन.