फेकण्याची सुरी: गिरकीसाठी आणि बिनगिरकीसाठी वेगळी हवी का?

परसातला_नेम
गेले दोन महिने मी परसात सराव करत आहे. माझी सुरी वीस सेंटिमीटर लांब व जेमतेम शंभर ग्रॅमची असून मुठीला दोरी गुंडाळलेली आहे. तीन मीटरवरून गिरकी देऊन फेकल्यास दहातून चारदा रुतते, एरवी मूठ आपटून सुरी माघारी येते. बोट सुरीच्या पाठीवर टेकवून बिनगिरकी फेकली, तर एकदाही रुतली नाही. दोष हाताचा की सुरीचा?

जुना_ओंडका
दोन्हींचा, पण आधी सुरीचा. आखूड आणि हलकी सुरी भरभर फिरते, त्यामुळे मनगट किंचित वळले तरी टोक वेळेवर समोर येत नाही. गिरकीसाठी तीस सेंटिमीटरच्या आसपास लांब, अडीचशे-तीनशे ग्रॅमची आणि तोल मधोमध असलेली सुरी घ्यावी, म्हणजे ती मुठीकडून धरली काय किंवा पात्याकडून धरली काय, फेक फारशी बदलत नाही. रुतलेली सुरी नीट पाहा: मूठ खाली झुकली असेल तर गिरकी अपुरी पडली, म्हणून थोडे मागे सरा, मूठ वर असेल तर पुढे या. अंतराची चूक मनगटाने सुधारू नका, ती सवय मोडायला मला वर्ष लागले.

तर्जनी
बिनगिरकीचे गणित निराळे आहे. सुरी सुटताना तर्जनी पाठीवरून मुठीच्या टोकापर्यंत घसरत जाते आणि तिच्या ओझरत्या दाबामुळे फिरणे मंदावते. आपली दोरी नेमकी तिथेच अडते. म्हणून अशा सुरीची मूठ गुळगुळीत ठेवतात. शुरिकेन या हाताने फेकायच्या जपानी शस्त्रातही हा विचार दिसतो: नेगिशी-र्यूचे (र्यू म्हणजे शस्त्रविद्येची परंपरा) शुरिकेन टोकाकडे जाड व शेपटीकडे निमुळते असते, तर शिराई-र्यूचे लांब व बारीक शुरिकेन टोक बोटांकडे ठेवून सरळ किंवा तळव्याकडे ठेवून अर्ध्या गिरकीने फेकतात.

कानस
स्वयंपाकघरातली सुरी मात्र वापरू नये. धार टिकावी म्हणून तिला कडक पाणी दिलेले असते, त्यामुळे टोक तुटते. फेकायच्या सुरीचे पोलाद थोडे नरम असते. ते वाकले तर ठोकून सरळ करता येते. धारही नको, टोक पुरे.

परसातला_नेम
दोरी काढली. बिनगिरकीच्या बारा फेकींत तीन रुतल्या. तिन्ही वेळा मूठ वर होती.

तर्जनी
म्हणजे बोट लवकर सुटते आहे. ते लक्ष्याकडे ताणून शेवटपर्यंत टेकवून ठेवा.