वेदीभोवती मेणबत्त्या आणि फुलं: 'आरास' म्हणावं का?

प्रश्न: नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेवर लिहिते आहे. वेदीजवळच्या मेणबत्त्या आणि फुलं यांना मिळून 'आरास' म्हटलं तर खटकेल का? शब्द गणपतीपुढे रुळलेला, म्हणून विचारते.

उत्तर: ताई, गणपतीचा शब्द म्हणून अजिबात अडू नका. आपल्याकडे चर्चमध्ये झेंडू-शेवंतीच्या माळा लागतात, त्यांना आरास हाच शब्द शोभतो. मेणबत्त्यांना मात्र मी तो लावणार नाही. कॅथलिक विधीत मिस्सेच्या, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेच्या, वेळी वेदीवर किंवा तिच्या जवळ किमान दोन मेणबत्त्या पेटत्या लागतातच. रविवारी, सणाला चार किंवा सहा. धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा अर्पण करणार असतील तर सात. म्हणजे त्या शोभेच्या नव्हेत, विधीच्या आहेत. फुलं बेताने, आणि वेदीच्या माथ्यावर नाही, भोवताली.

खरी कसोटी ईस्टरआधीच्या उपवासकाळात लागते. तेव्हा चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर वेदीला फुलं वर्ज्य, मेणबत्त्या मात्र तेवतात. 'उपवासकाळात आरास नसते' हे वाक्य बरोबर. पण मेणबत्त्याही आराशीत धरल्या, तर तेच वाक्य चुकीचं ठरतं. 'रोषणाई' तर नकोच. तिने विजेच्या माळाच डोळ्यांपुढे येतात.

प्रश्न: मग एक उंच, जाड मेणबत्ती वेगळी उभी असते, ती?

उत्तर: ती पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती. तिच्यावर क्रूस, आल्फा, ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि त्या वर्षाचे चार अंक असतात. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत पेटवतात. पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सणापर्यंत, वेदीपाशी राहते, मग बाप्तिस्मा देतात त्या कुंडाजवळ जाते. फेब्रुवारीच्या यात्रेत ती वेदीपाशी दाखवू नका.

पवित्र भाकर ठेवतात त्या पेटीजवळच्या अखंड दिव्याला 'नंदादीप' म्हणा, मराठी वाचकाला लगेच कळेल. भाविक नवसाच्या लावतात त्या मेणबत्त्या मात्र वेगळ्या, त्या वेदीच्या नव्हेत. यात्रेत त्याच जास्त दिसतात, म्हणून हा भेद लेखात आवर्जून ठेवा.

वाक्य असं करता येईल: 'वेदीवर सहा मेणबत्त्या तेवत होत्या, पायथ्याशी शेवंतीची आरास होती, आणि बाहेर नवसाच्या मेणबत्त्यांसाठी रांग लागली होती.'